गाडी उभीच आहे

2023 च्या जुलैतला पाऊस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. 22 तारखेला महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. त्याच सकाळी सात वाजता मला पुसदकडच्या एका खेड्यातून फोन आला. "दादा, कोठ्याची भित पडली. गुरुजीच्या गाडीवर. टप पूरा बसला."

फोन गुरुजींच्या पुतण्याचा होता. मी गाड्यांच्या विम्याचं काम करतो. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, माझे जुने ग्राहक. मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत. एप्रिलचं ऊन तापायला लागलं की गुरुजी आणि काकू तिकडे जातात, दिवाळीच्या आसपास परततात. 2016 साली घेतलेली गाडी तेवढे महिने गुरांच्या जुन्या कोठ्यात उभी असते, पांढऱ्या मातीच्या भिंतीला लागून.

मी फोन ठेवला आणि आधी कपाटातली फाईल काढली. काय दिसणार हे मला ठाऊक होतं, तरी काढली. विमा 18 जुलैच्या मध्यरात्री संपला होता. चार दिवस झाले होते.

मी जूनअखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण दिली होती. गुरुजींचं उत्तर आलं होतं : "गाडी तर उभीच आहे. आल्यावर भरू." मीही ते वाचून पुढच्या कामाला लागलो. पेरणीचे दिवस, सगळ्यांचीच धावपळ. पण त्याच वेळी फोन करून पाच मिनिटं समजावून सांगायला हवं होतं, हे मला आजही टोचतं.

गावात पोचेपर्यंत दुपार झाली. नाल्याला पाणी होतं, थांबत थांबत गेलो. कोठ्यात ओल्या मातीचा ढीग, त्यातून गाडीचं मागचं दार तेवढं वर आलेलं. पुढची काच फुटून सीटवर चिखल. पुतण्या मातीत उभा राहून हातानेच ढेकळं बाजूला सारत होता. मला बघून म्हणाला, "दादा, चार दिवसाचंच तर हाये. मांगची तारीख टाकून द्या ना. तुमच्या हातात हाये."

माझ्या हातात ते नव्हतं आणि असतं तरी मी केलं नसतं. 1938 च्या विमा कायद्यात 64 व्हीबी हे कलम आहे : हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. पॉलिसीवर तारखेसोबत वेळही छापलेली असते. मागची तारीख टाकणं म्हणजे सरळ फसवणूक. मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पुन्हा ढेकळं उचलायला लागला. ते शांत बसणं मला शिवीपेक्षा जड गेलं.

संध्याकाळी गुरुजींशी बोललो, तिकडे सकाळ होती. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, चूक माझी." मग कारण कळलं. मुलगा त्यांना म्हणाला होता की अमेरिकेत गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर विमा कमी करता येतो. खरं आहे ते. तिकडे काही कंपन्या चालवण्याचं संरक्षण काढून फक्त चोरी, आग, वादळ एवढंच ठेवू देतात. पण तिकडेही वादळाचं ठेवतातच ना! गुरुजींच्या कानावर फक्त "कमी करता येतो" एवढंच पडलं.

दोन देशांत राहणाऱ्या माणसांचे असे घोळ मी बरेच पाहतो. तिकडे घरातल्या गाडी चालवणाऱ्यांची नावं विमा कंपनीला कळवावी लागतात. आपल्याकडे विमा गाडीचा, मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला कुणीही चालवू शकतो. इथली पॉलिसी तिथे चालत नाही. आरटीओतून हजार रुपये भरून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना हा फक्त चालवण्याचा परवाना, तोही एका वर्षाचा, विमा नव्हे. ज्याला दोन्हीकडे गाडी चालवायची, त्याला दोन्हीकडचे नियम वेगळे धरूनच चालावं लागतं.

गाडीचा खर्च एक लाखाच्या वर गेला, सगळा गुरुजींच्या खिशातून. हप्ता आठ हजारांच्या आतला होता. पण आणखी एक नुकसान दारात उभं होतं. पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे त्यांना 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, होती. विमा संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो शून्य होतो. मी कॅलेंडरवर मोजलं : 16 ऑक्टोबर. गुरुजी परतणार होते नोव्हेंबरात.

म्हणून मी गॅरेजवाल्याच्या मागे लागलो. टप, काच, रंग, सगळं सप्टेंबरअखेर झालं. खंड पडलेल्या गाडीची कंपनीकडून पाहणी लागते. पाहणीला आलेल्या माणसाने बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. पांढऱ्या कागदावर एकेक आकडा उमटत गेला. पुतण्या वाकून आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहत होता. शेवटचा आकडा जुळला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. 6 ऑक्टोबरला पॉलिसी निघाली, बोनस शाबूत राहिला.

दिवाळीनंतर गुरुजी आले तेव्हा मी जुन्या मोटर टॅरिफमधलं, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीतलं, 11-अ कलम त्यांच्यापुढे ठेवलं. किमान सलग दोन महिने गाडी बंद ठेवणार असं आधी कळवलं, तर चोरी, आग, वादळ, पूर यांचं संरक्षण राहतं, बाकीचं थांबतं, आणि त्या बदल्यात पुढच्या हप्त्यात सूट किंवा मुदतवाढ मिळते. फारच कमी लोक ते मागतात. गुरुजींनी नीट वाचलं, चष्मा काढला आणि नको म्हणाले. त्या काळात गाडी रस्त्यावर काढता येत नाही. "रात्री-बेरात्री कुणाला पुसदला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

एप्रिलमध्ये ते निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो. पुतण्याचं लायसन्स कधीपर्यंतचं आहे ते पाहिलं. त्याच्या फोनमध्ये 5 ऑक्टोबरची आठवण लावली, हप्ता भरायचा कसा ते करून दाखवलं. काकू पिशवीत लोणच्याची बरणी बांधत होत्या. कोठ्याच्या जागी आता टिनाचं शेड आहे, चारी बाजूंनी लोखंडी खांब. गाडी त्याच्या मधोमध उभी होती.