आईनं बदललेलं एक उत्तर

आषाढी एकादशीच्या रात्री, गोव्यातल्या आमच्या माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळात भजन चालू असताना, मी माझ्याच हातानं आमचे पाच भाग पुसून टाकले.

आई आणि मी फोनवर एक व्हिज्युअल नॉव्हेल खेळतो, म्हणजे वाचत जायचं आणि मधेमधे उत्तरं निवडायची असा गोष्टीचा खेळ. त्याचा सहावा भाग आला होता. फोनवर टाकायला गेले तर जुन्यावर नवा बसेना. बनवणाऱ्यानं फाइलला केलेली डिजिटल सही बदलली असेल, तर अँड्रॉइड जुन्या अ‍ॅपवर नवं बसू देत नाही, आधीचं काढावं लागतं. मी काढलं. नवं टाकलं, उघडलं, 'लोड'वर बोट ठेवलं, तर सगळे चौकोन रिकामे. अ‍ॅपबरोबर सेव्हही, म्हणजे आम्ही कुठवर आलो आणि काय काय निवडलं त्याच्या नोंदीही, गेले होते. लॅपटॉपवर खेळलो असतो तर वाचले असते, कारण विंडोजमध्ये अशा खेळांचे सेव्ह खेळाच्या फोल्डरबाहेरही, 'रोमिंग' फोल्डरातल्या 'रेनपाय' नावाच्या फोल्डरात राहतात. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी नुसती बसून होते. आई तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, पानं निवडत होती. "किदें जालें गो?" म्हणाली. सांगितलं, तर तिचा हात थांबला. "म्हणजे तो आता आपल्याला ओळखत नाही?"

तो म्हणजे लायब्ररीतला मुलगा. खेळ इंग्रजीत आहे, नावं परदेशी. आईनं ती पाठ करायचा त्रास घेतला नाही. तिच्यासाठी तो लायब्ररीतला, दुसरा गिटारवाला आणि खोलीत सोबत राहणारी ती चष्मेवाली. नायिका लहान गावातून थंडीच्या शहरात कॉलेजला आलेली. ती कुणाशी काय बोलते, कुणासाठी थांबते, कुणाला टाळते ते आपण ठरवायचं. आम्ही गेल्या गणेशचवथीनंतर सुरुवात केली तेव्हा तीन भाग आलेले होते. चौथा पौषात आला, पाचवा शिमग्याच्या सुमारास. मी फोंड्याहून कामावरून आले की जेवणं आटोपून तासभर. घरात आम्ही कोंकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठी. त्यामुळे मी इंग्रजी ओळ मनात वाचायची आणि तोंडानं जे येईल त्या भाषेत आईला सांगायची, अशी पद्धत पडली. प्रेमाची वाक्यं मराठीत यायची, भांडणं कोंकणीत.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय, हे मला कुणाला समजावायचं असेल तर मी आमच्या जत्रेतलं नाटक दाखवीन. मागे रंगवलेला पडदा, पुढे माणसं, आणि सगळं काम बोलण्यावर. बाबा कितीतरी वर्षं गावच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. एकदा त्यांनी आमच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पडदे मोजकेच दिसतात." खरंच आहे. वर्ग, लायब्ररी, खोली, कॅफे, पूल, रस्ता, असे नऊ पडदे मी मोजलेत. माणसं कंबरेपासून वर, आणि एकेकाचे चेहरे पाच-सहा: साधा, हसरा, रागावलेला, लाजलेला, खाली पाहणारा. तेवढ्यावर सगळं भागतं. लायब्ररीतला मुलगा वडिलांच्या आजाराबद्दल बोलतो तेव्हा चेहरा बदलत नाही, फक्त ओळी लहान होत जातात, आणि शेवटी नुसते तीन ठिपके येतात. मी ते ठिपके वाचून कसे दाखवणार? मी गप्प राहिले. आईला कळलं.

हे खेळ ज्यात बनवतात त्या रेनपाय या सॉफ्टवेअरचं नाव 'रेन'आय' आणि 'पायथन' यांच्या जोडीतून आलंय. रेन'आय म्हणजे जपानीत प्रेम. 2004 पासून ते सगळ्यांना फुकट मिळतं, म्हणून एकटादुकटा माणूसही नोकरी सांभाळून भागाभागानं गोष्ट काढू शकतो. त्यासोबत नमुन्याला एक छोटा खेळ येतो, तोही कॉलेजातलाच. तास सुटल्यावर एकजण मैत्रिणीबरोबर चालत घरी निघालाय आणि त्याला तिला काहीतरी विचारायचंय. आपल्यापुढे दोनच पर्याय येतात: आता विचारतो, नंतर विचारतो. 'नंतर' निवडलं की चार ओळींत खेळ संपतो. मी तो आईला दाखवला होता. तेव्हापासून मी पर्यायांवर फार वेळ अडले की ती म्हणते, "नंतरवाल्यासारखं करू नकोस."

खाली 'बॅक' असं बटण असतं. ते दाबत मागे जाऊन उत्तर बदलता येतं. मी एकटी असते तर शंभरदा दाबलं असतं. आईनं पहिल्याच आठवड्यात मनाई केली. बोललं ते बोललं. त्यामुळे चौथ्या भागात जेव्हा लायब्ररीतला चार दिवस दिसत नाही आणि पर्याय येतो की निरोप पाठवायचा, त्याच्या खोलीवर जायचं की त्याला एकटं राहू द्यायचं, तेव्हा मी 'एकटं राहू दे'वर बोट नेलं होतं, आणि आई जवळजवळ ओरडली, "जा! घरात दुखणं असलेल्या माणसाकडे विचारून जातात काय?" आम्ही गेलो. त्यानं दार उघडलं, दोन वाक्यं बोलला, दार लावलं. मला वाटलं चुकलं. मग तीन महिने नवा भाग नाही. पाचव्या भागात, भलत्याच विषयावर बोलता बोलता, तो म्हणतो की त्या रात्री तू आलीस तेव्हा मी सकाळपासून कुणाशी बोललोच नव्हतो. ही ओळ फक्त दारापर्यंत गेलेल्यांनाच दिसते. खेळानं एक खूण जपून ठेवलेली असते आणि ती पुढच्या भागात बाहेर काढलेली असते, इतकी साधी करामत. पण मधले तीन महिने आपण त्या बंद दाराशी उभे असतो. सगळे भाग एका दमात खेळणाऱ्याला ही ओळ मिळेल, ते तीन महिने मिळणार नाहीत. म्हणून मला भागाभागानं येणारा खेळच आवडतो, कितीही वाट पाहायला लागली तरी.

आणि या सगळ्या खुणा मी पुसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, चिखलकाल्याच्या, म्हणजे देवळापुढे चिखलात खेळायच्या सणाच्या, संध्याकाळी आम्ही पहिल्यापासून बसलो. 'स्किप' फक्त वाचून झालेला मजकूर पुढे ढकलतो, आणि आम्ही काय वाचलंय याची नोंदही अ‍ॅपबरोबर गेलेली, त्यामुळे ओळ न् ओळ पुन्हा. मला निम्मी उत्तरं आठवत नव्हती. आईला सगळी आठवत होती. पर्याय पडद्यावर यायच्या आधीच ती सांगायची. इथं चष्मेवालीला छत्री दे. इथं गिटारवाल्याला नाही म्हण, पण हसून. लाईट दोनदा गेली, बाहेर पाऊस, फोनच्या उजेडात ती पानं निवडत होती आणि मान वर न करता उत्तरं देत होती. दारात उभे राहून बाबा हे ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, खुर्ची आत घेऊन बसले.

दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिकेला घरून फोन येतो. सणाची चार दिवस सुट्टी आहे, सगळे जमणारेत, तू ये. त्याच दिवसांत कॉलेजच्या नाटकाच्या तालमी आहेत आणि तिला पहिल्यांदा काम मिळालंय. आधीच्या वेळी आईनं क्षणभरही विचार केला नव्हता: घरी जा. मीही काही बोलले नव्हते.

मी पुण्याला एम.कॉम. करत होते तेव्हा आमच्या एकांकिकेच्या तालमी चवथीत आल्या होत्या. आईचा फोन आला, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला या वेळी माणूस नाही. मी रात्रीच्या बसनं माशेलला आले. माटोळी मीच बांधली, कांगलां, माट्टुटां, नारळांचा घोस, सुपाऱ्या. परत गेले तेव्हा माझं काम दुसरी करत होती. हे मी घरी कधी सांगितलं नाही. त्या वेळी मला त्याचं फार काही वाटलं नाही असं मी धरून चालले होते.

पर्याय आला. मी सवयीनं 'घरी येते'वर बोट नेलं.

"न्हय," आई म्हणाली. "रावूं दी तिका थंयच."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पानातला देठ खुडत होती. मी दुसरा पर्याय दाबला. फोनवरची नायिकेची आई थोडा वेळ गप्प, मग म्हणते, बरं, नाटक झालं की मग ये. आणि पुढे एक पडदा आला जो आम्ही पूर्वी पाहिलाच नव्हता: रंगमंच, वरून पिवळा उजेड, रिकाम्या खुर्च्या. दहावा.

"हो नवो," बाबा मागून म्हणाले.

त्या तालमीत लायब्ररीतला मुलगा प्रॉम्प्टर असतो. पहिल्या वेळी घरी गेल्यामुळे आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. नायिका एक वाक्य विसरते आणि तो विंगेतून हळूच पहिला शब्द सांगतो. मी बाबांसाठी ते दोनदा वाचलं. आई काही म्हणाली नाही. तिनं निवडलेली पानं परातीत ओतली, हात पुसले आणि माझ्या जवळ सरकून बसली, पडदा नीट दिसावा म्हणून.

सहावा भाग आम्ही श्रावणात संपवला. आता सेव्ह लॅपटॉपवर आहेत, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह आईनं तिच्या कपाटात ठेवलाय. सातव्याची तारीख अजून लागलेली नाही. मी कामावरून येऊन चप्पल काढते तोवर आतून आवाज येतो.

"आयलो काय गो सातवो?"

"ना गे, अजून ना."