तलावाची तूट

तरण तलाव बांधायला पैसे उभे राहतात, तो चालवायला उभे राहत नाहीत. पालिकेच्या लेखा विभागातल्या नोकरीत हे मी फार जवळून पाहिलं. बांधकामाला शासनाचं अनुदान मिळतं, लोकप्रतिनिधींच्या निधीतून काही कामं निघतात. खासदार निधीचा नियम तर स्पष्टच आहे: त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची, तिच्या देखभालीवर तो पैसा खर्च करायचा नाही. म्हणजे उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून पंपाचं वीजबिल, जीवरक्षकांचे पगार, क्लोरीन हे सगळं शहराने स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचं. आणि त्या उत्पन्नावर तलावाचा हक्क शेवटचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा ही आवश्यक कर्तव्यं कलम ६३ मध्ये आहेत. तरण तलाव येतात कलम ६६ मध्ये, पालिकेने ठरवलं तर करायच्या कामांत. अंदाजपत्रक तंग झालं की पहिली कात्री तिथे लागते.

कोरोनाच्या आधीच्या काही वर्षांतली गोष्ट. ठाण्यातल्या एका तलावाबद्दल प्रस्ताव आला होता की, तो ठेकेदाराला चालवायला द्यावा. तलाव, त्याला लागून व्यायामशाळा, वर बॅडमिंटनचा हॉल आणि ज्येष्ठांसाठी एक मोठी खोली, असं ते केंद्र. ठेकेदार पालिकेला भाडं देणार आणि शुल्क स्वतः ठरवणार. कागदावर पालिकेची तूट मिटत होती. तिथल्या नगरसेवकांनी मात्र आधी लोकांना विचारायचं ठरवलं आणि एका रविवारी सकाळी बॅडमिंटन हॉलमध्ये बैठक बोलावली. अभियंता आणि क्रीडा अधिकारी येणारच होते. ‘आकडे विचारले तर सांगायला कोणीतरी हवं’ म्हणून मलाही पाठवलं. लेखा विभागाच्या माणसाला असं लोकांसमोर उभं करायची पद्धत नसते. आमचं काम फायलीत असतं.

आदल्या दिवशी मी मुद्दाम तलावावर गेले. फाइलमध्ये ‘आस्थापना’, ‘विद्युत’, ‘रसायने’, ‘किरकोळ दुरुस्ती’ अशी लेखाशीर्षं होती, पण त्यांच्यामागे काय चालतं ते मला बघायचं होतं. पंप ऑपरेटर दादांनी मला खाली यंत्रघरात नेलं. तलाव २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी. “मॅडम, हे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून गेलंच पाहिजे,” ते म्हणाले. तासाला नव्वद हजार लिटरच्या वर पाणी खेचायचं, वाळूच्या फिल्टरमधून काढायचं, परत सोडायचं. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखायचं, सामू (पाण्याचा पीएच) ७.२ ते ७.८ च्या मध्ये. सामू वर गेला की तेवढ्याच क्लोरीनचं काम होत नाही, खाली आला की डोळे चुरचुरतात आणि पाइप खराब होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेका बॅचला मुलं भरलेली असतात तेव्हा क्लोरीन भराभर उतरतं, म्हणून नोंदवहीत वाचनं दिवसभर घ्यावी लागतात. त्यांच्या वहीत ती सुवाच्य अक्षरात होती, एक रकाना रिकामा नव्हता.

तिथे उभी असताना मला तुटीचं गणित नीट कळलं. पाण्यात दहा माणसं असोत की साठ, पंप तेवढाच चालतो आणि काठावर जीवरक्षक तेवढेच लागतात. पावसाळ्यात पोहणारे घटतात, खर्च घटत नाही. शुल्कातून हा खर्च भरून काढायचा तर शुल्क इतकं वाढवावं लागेल की खालच्या वस्तीतल्या मुलांना येणं परवडणारच नाही. ठेकेदार तेच करणार होता. त्यात त्याचा दोष नाही. त्याला भाडं भरून चार पैसे सुटायला हवेत.

रविवारी हॉल भरला होता. किसननगर आणि वागळे इस्टेटकडची माणसं लवकर येऊन बसली होती, घोडबंदर रोडवरच्या मोठ्या गृहसंकुलांमधले काही जण थोडे उशिरा आले. एका काकांनी मालमत्ता कराचं बिल आणलंच होतं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. “ताई, यात तलाव कुठे आहे ते दाखवा.”

मी एकेक ओळ वाचली. सामान्य कर. जललाभ कर. मलनिःसारण लाभ कर. वृक्ष कर. मग शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन राज्य सरकारचे, पालिका फक्त वसूल करून पुढे भरते. तलावाची ओळ नाही. तलाव सामान्य करात आहे, बाग, वाचनालय, स्मशानभूमी यांच्यासोबत. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. कित्येकांना वाटत होतं की तलाव त्याच्या शुल्कावरच चालतो आणि तूट येते ती कोणीतरी पैसे खाल्ल्यामुळे. खर्चाचे कागद मी टेबलावर मांडून ठेवले आणि ज्यांना बघायचे त्यांना बघू दिले.

जकातीचं, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर पालिका घ्यायची त्या कराचं, मला थोडक्यात सांगावं लागलं, कारण एकाने विचारलं की पूर्वी पैसा होता तो गेला कुठे. २०१३ मध्ये ठाण्यातली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, मग तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई आता राज्य सरकार देतं. ती मिळते, पण तिचा आकडा शहर ठरवत नाही. शहराने स्वतः ठरवावा असा मोठा कर आता मालमत्ता करच राहिला आहे.

पहिला खरा विरोध पाण्यावरून झाला. घोडबंदरकडच्या एक बाई उठल्या. “आम्ही टँकर विकत घेतो आणि आमच्या करातून तुम्ही तलाव भरता?” त्यांचा राग रास्त होता. त्या भागातली पाणीटंचाई मी नाकारू शकत नव्हते आणि नाकारलीही नाही. मी पंप ऑपरेटर दादांना बोलायला सांगितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तलाव रोज भरत नाहीत. तेच पाणी फिरत राहतं. बाष्पीभवनाने जातं तेवढं आणि फिल्टर उलटा धुताना जातं तेवढंच नवीन घालावं लागतं. बाईंनी विचारलं, फिल्टर धुतलेलं पाणी कुठे जातं? गटारात, ते म्हणाले. मग ते बागेला का देत नाही? अभियंत्यांनी ते लिहून घेतलं. क्लोरीन उतरेपर्यंत साठवायला टाकी लागेल, एवढंच ते म्हणाले. माझ्या मते त्या सकाळची ती सगळ्यात उपयोगी सूचना होती.

मग एका गृहसंकुलाचे खजिनदार बोलायला उठले. बँकेतून निवृत्त झालेले, बोलण्यात नेमके. त्यांच्या संकुलात स्वतःचा तलाव आहे, त्याचा खर्च ते मेंटेनन्समधून करतात. “आमच्या सभासदांनी एका तलावाचे पैसे दोनदा का भरावेत? जो पोहेल त्याने भरावेत. हे साधं तत्त्व आहे.” टाळ्या पडल्या.

मी त्यांना विचारलं, “साहेब, तुमच्या तलावाचे पैसे कोण भरतं?”

“सगळे सभासद.”

“आणि पोहतात किती जण?”

माणूस प्रामाणिक होता. थोडा वेळ थांबून म्हणाला, “फार नाहीत. मुलं आणि काही मोजके मोठे.”

“न पोहणाऱ्यांनी सर्वसाधारण सभेत कधी म्हटलं की पोहणाऱ्यांकडूनच वसूल करा?”

“नाही. तलाव सगळ्यांचा आहे.” आणि मग ते गप्प झाले. हॉलमध्ये कोणीही हसलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मी त्यांना हरवायला उभी नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं की जे तत्त्व चारशे घरांना मान्य आहे ते शहराला का लागू पडू नये.

पुढचा हिशेब त्यांनीच केला. स्कोअर लिहायच्या फळ्यावर त्यांनी खडूने मांडलं: केंद्राचा वर्षाचा खर्च समजा एक कोटी, शहरातल्या मालमत्ता समजा पाच लाख. एका मालमत्तेमागे वर्षाला २० रुपये. हे धरलेले आकडे होते, पण त्यातून प्रमाण कळत होतं. मी एक गोष्ट जोडली. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखं असतं, घर लहान असो वा मोठं. मालमत्ता कर करयोग्य मूल्यावर लागतो. चाळीतल्या खोलीला कमी, मोठ्या घराला जास्त, दुकानाला आणखी जास्त. खजिनदार फळ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे ही पद्धत आमच्यापेक्षा न्याय्य आहे.”

मागच्या रांगेतून किसननगरची एक बाई बोलली. धुण्याभांड्याची कामं करणारी, मुलगा तलावाच्या उन्हाळी बॅचला येणारा. “पावसात पोरं येऊरच्या ओढ्यावर जातात, तलावांत उतरतात. मारलं तरी जातात. ती जायची थांबणार नाहीत. निदान त्यांना पोहता येऊ दे.” ती खाली बसली. ठाणे तलावांचं शहर आहे असं आपण अभिमानाने सांगतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर आणि पावसाळी ओढे. अशा शहरात पोहणं शिकवणं कलम ६६ मध्ये असावं, ही गोष्ट मला त्या दिवसापासून पटलेली नाही. पोहणं ज्यांना परवडतं त्यांच्यापुरतं ठेवलं तर ओढ्यात कोणाची मुलं बुडतील ते सगळ्यांना माहीत आहे.

सगळे राजी झाले नाहीत. एक दुकानदार शेवटपर्यंत म्हणत राहिले की आधी खड्डे बुजवा, मग तलावाचं बोला. त्यांच्या दुकानासमोरचा रस्ता मी नंतर पाहिला, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही.

खजिनदार पुढच्या आठवड्यात कार्यालयात आले. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी सूचना कधी द्यायच्या, हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं की आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात आणि पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरतात, तेव्हा जे काही द्यायचं ते डिसेंबरातच द्या. पुण्यात २००६ पासून नागरिक आपापल्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात कामं सुचवतात, तेही सांगितलं. त्यांनी निवेदन स्वतः लिहिलं. मागण्या तीन होत्या: केंद्र पालिकेनेच चालवावं, मुलांच्या बॅचचं शुल्क वाढवू नये आणि केंद्राचा जमाखर्च दरवर्षी प्रवेशद्वाराजवळ लावावा. खाली त्यांच्या संकुलातल्या सभासदांच्या सह्या होत्या आणि त्यांच्याच जोडीला किसननगरातल्या बायकांच्या. काही ठिकाणी अंगठे होते.

ठेक्याचा प्रस्ताव त्या वर्षी पुढे गेला नाही. प्रौढांचं शुल्क थोडं वाढलं, मुलांचं तेवढंच राहिलं. जुन्या पंपाच्या जागी नवा घ्यायला तरतूद झाली. बागेसाठीच्या टाकीला मात्र त्या अंदाजपत्रकात पैसे मिळाले नाहीत. पुढच्या वर्षीच्या मागण्यांची फाइल उघडली तेव्हा टाकी मी सगळ्यात वर लिहिली.