सुपारीचं खांडसुद्धा नाही

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉर्मवर ‘कुटुंबात व्यसन’ असा रकाना आहे. दारू, तंबाखू, गांजा, इतर. मुलगा एकतीस वर्षांचा, मोबाईलवरच्या रमीत साडेसहा लाख घालवून आलेला. वडिलांचं विचारलं तर आईच म्हणाली, “ह्यांना कसलं व्यसन नव्हतं बघा सर. सुपारीचं खांडसुद्धा नाही.” मी ‘नाही’वर खूण केली.

चौथ्या भेटीत विचारलं, पहिल्यांदा पैसे कधी लावलेस? बहुतेक जण ‘लॉकडाऊनमध्ये’ म्हणतात. तो म्हणाला, “सहा वर्षांचा असेन.”

वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. पगाराच्या दिवशी सकाळी पोराला उठवून विचारायचे, “रात्री काय स्वप्न पडलं? एक आकडा सांग.” मटक्याची चिठ्ठीही त्याच्याच हाती पाठवायचे. आकडा लागला की भेळ. नाही लागला की वडील दोन दिवस बोलायचे नाहीत.

त्याने माझं पॅड ओढून कोपऱ्यात मटक्याचा एक निकाल लिहिला : १४८-३२-२३७. एक, चार, आठ मिळून तेरा, त्यातला शेवटचा तीन, म्हणून ओपन, म्हणजे पहिला आकडा, तिर्री. दोन, तीन, सात मिळून बारा, म्हणून क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, दुर्री. जोडी बत्तीस. शाळेत बेरीज शिकायच्या आधी हे येत होतं म्हणाला.

“पण सर, बाबांचा जुगार होता. माझं स्किल आहे.”

हे वाक्य पोरांच्या तोंडी जाहिरातींनी घातलंय, आणि त्याचा मला मनापासून राग आहे. ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. याने महिन्याभरात एजंटकडून दुसरं अ‍ॅप मिळवलं.

आई खोटं बोलली नव्हती. दारूचा वास येतो, आकड्याला वास नसतो. तिच्या लेखी पैसा नशिबाने गेला. चूक माझी, मी नेमकं विचारलंच नाही. जुगाऱ्यांसाठीच्या साउथ ओक्स प्रश्नावलीत १९८७पासून आईवडिलांच्या जुगाराचा प्रश्न आहे. २०१३मध्ये डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरण-ग्रंथाने, जुगाराला दारूच्याच प्रकरणात बसवलं. आमचा फॉर्म मात्र वर्षानुवर्षं तसाच झेरॉक्स होतोय. जुगाऱ्याच्या मुलांना हा धोका जास्त असतो. त्यात रक्ताचा वाटा असतो हे मी शिकलोय, पण त्या भेळेचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही.

निघताना तो सहज बोलून गेला, की डाव लावायच्या आधी तो पाच वर्षांच्या मुलीचं बोट स्क्रीनवर टेकवतो. तिचा हात लागला की पत्ते चांगले येतात.

“आणि नाही आले तर?”

बराच वेळ तो पॅडवरच्या त्या आकड्यांकडे बघत राहिला. “ती विचारते, पप्पा, माझं चुकलं का?”

पुढच्या मंगळवारी तो बायकोला घेऊन येणार आहे. त्या चौथ्या भेटीपासून प्रत्येक फॉर्मवर मी पेनाने लिहितोय : ‘जुगार - आकडा, पत्ते, मोबाईल’. त्या पोरीशी कुणी, काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.