स्पेसबार दाबा की!

जुलैचा शेवटचा आठवडा होता. या दिवसांत कोल्हापुरात कुणी कुणाला "कसं काय?" विचारत नाही, "बंधाऱ्यावर किती?" असं विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. अशा आठवड्यात प्राध्यापकांचं पाच दिवसांचं संगणक प्रशिक्षण ठेवण्याची कल्पना कुणाची, ते मी लिहीत नाही. कॉलेजचं नावही लिहीत नाही. मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. प्रिंटर अडकला की मी, पासवर्ड विसरला की मी, आणि प्रशिक्षण निघालं की पण मीच. या वेळी विषय होता मूडल. ऑनलाइन कोर्स चालवायचं हे मोफत सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. परवान्याचे पैसे नाहीत आणि आपल्याच सर्व्हरवर बसतं, त्यामुळे वरून मंजुरी चटकन आली. कोविडच्या काळात आमच्याकडे व्हॉट्सॲपवर नोट्सचे फोटो ढकलून वेळ मारून नेली होती. आता प्रत्येकानं आपला कोर्स मूडलवर उभा करायचा, निदान एक चाचणी तरी लावायची, असं ठरलं.

त्यासाठी मी महिनाभर रात्री जागून मराठीत चौदा व्हिडिओ केले होते. पद्धत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची. स्क्रीनवर जे चाललंय तेच सावकाश बोलायचं, एक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा. बघणाऱ्यानं अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअर उघडायचं, आणि बघत बघत करायचं. प्रत्येक व्हिडिओत माझ्या आवाजात तीन-चारदा वाक्य होतं, "इथे व्हिडिओ थांबवा आणि स्वतः करून पहा." व्हिडिओ यूट्यूबवर चढवले होते. मला वाटलं होतं, माझं काम झालं.

पहिले दोन दिवस मी ते व्हिडिओ लॅबमध्ये प्रोजेक्टरवर लावले. समोर अडतीस प्राध्यापक, माउस माझ्या हातात. सगळे शांतपणे बघत होते. संपल्यावर मी विचारायचो, "कळलं का, सर?" माना हलायच्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व्हरवर जाऊन बघितलं तर अडतीस जणांत मिळून तयार चाचण्या किती? दोन. त्यातली एक माझीच, नमुन्याची.

मागच्या रांगेत इतिहासाचे एक सर बसायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मोडी वाचणारे म्हणून त्यांचं नाव. जुन्या जमिनीचा कागद घेऊन लोक त्यांच्याकडे लांबून येतात. लॅबमध्ये मात्र दोन्ही दिवस ते पेपरची पुरवणी वाचत बसले. मी जवळ गेलो की म्हणायचे, "चालू द्या तुमचं. आमची काय आता उतरती दुपार." पोरंपोरं असिस्टंट प्रोफेसर हसायचे. मीही मनात शिक्का मारून टाकला होता, यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून धो धो. मांडुकलीला रस्त्यावर पाणी, गगनबावड्याकडचे दोघं घरीच. बाकीही बरेच गळाले, सत्तावीस जण आले. साडेदहाला व्होल्टेजनं दोनदा झोल खाल्ला, आणि प्रोजेक्टर 'टप्' असा आवाज करून गेला. कायमचाच. पाठोपाठ इंटरनेट गेलं. आता यूट्यूबही नाही.

खरं सांगतो, सुट्टी जाहीर करायचा मोह झाला होता. पण लॅबला बॅटरी बॅकअप होता, मूडल आमच्याच सर्व्हरवर असल्यामुळे बाहेरच्या नेटशिवाय चालत होतं, आणि व्हिडिओ माझ्या पेनड्राइव्हवर होते. संगणक बत्तीस, माणसं सत्तावीस. अडचण आवाजाची. सत्तावीस स्पीकरमधून माझाच आवाज एकदम आला असता तर मीच पळून गेलो असतो. तेवढ्यात शिपाईमामा म्हणाले, "लँग्वेज लॅबच्या कपाटात हेडफोन हाईत की. आल्यापास्नं तसंच पडल्यात." आणून बघितलं तर प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

फायली वाटल्या, हेडफोन वाटले. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबून स्क्रीन अर्धी कशी करायची ते प्रत्येकाजवळ जाऊन दाखवलं. मग माझ्या हाताला कामच उरलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी इतिहासाच्या सरांनी बोटानं बोलावलं. हेडफोन एका कानावरून सरकवला आणि अगदी हळू विचारलं, "हे मध्येच थांबवता येतं का हो?"

"स्पेसबार दाबा की, सर!"

त्यांनी दाबला. माझा आवाज थांबला. पुन्हा दाबला, सुरू झाला. चार-पाच वेळा त्यांनी नुसतं तेवढंच केलं. "आणि मागं न्यायचं?" डावा बाण दाखवला. "मग हे दोन दिवस का नाही सांगितलं?"

याला उत्तर नव्हतं. 'थांबवा आणि करून पहा' असं रेकॉर्डिंगमध्ये मी घसा फोडून सांगत होतो, पण माउस माझ्या हातात होता आणि मी एकदाही थांबवलं नव्हतं. दोन दिवस मी त्यांना सिनेमा दाखवत होतो.

दुपारी मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. चाचणीच्या तारखा लावायचा भाग चालू होता. मूडलमध्ये तारखेच्या पुढं 'एनेबल' नावाची एक बारकी चौकट असते; तिच्यात टिक केल्याशिवाय तारीख राखाडीच राहते, कितीही दाबा, हलत नाही. सर राखाडी तारखेवर क्लिक करत होते. माउस उलटा करून बघितला, शर्टाला पुसला. मला तोंड उघडायचं होतं, आवरलं. त्यांनी व्हिडिओ मागं नेला. ऐकला, थांबवला, तारखेवर क्लिक. पुन्हा मागं. अकरा वेळा. मी मोजत होतो. अकराव्यांदा त्यांना ती चौकट दिसली, टिक केली, आणि तारीख काळी झाली. सर मागं वळले.

"मोडीचा कागद वाचताना एका ओळीवर माझा अर्धा दिवस जातो," म्हणाले. "तिथं लाज वाटत नाही, कारण समोर कुणी नसतं. इथं परवा ज्या पोराला शिकवलं तो शेजारी प्राध्यापक होऊन बसलाय. त्याच्यासमोर कसं विचारायचं?"

नजर फिरवली तर सगळ्या लॅबमध्ये तेच चाललं होतं. फटाफट करणारे म्हणून ज्यांना मी हुशार समजत होतो, त्यांच्यातलेही दोघं एकच मिनिट पुन्हा पुन्हा ऐकत होते. चार वाजता बंधारा ३८ फुटांवर गेल्याची बातमी आली तरी कुणी उठेना. अशी वेळ मी अकरा वर्षांत बघितली नव्हती. त्या संध्याकाळी सर्व्हरवर एकोणीस चाचण्या होत्या. काही चुकीच्या होत्या. एका मॅडमनी चारही पर्याय बरोबर ठरवले होते.

नवा प्रोजेक्टर यायचा होता, तो मी मुद्दाम मागितलाच नाही.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, चहा, फोटो सगळं उरकल्यावर सर थांबले. म्हणाले, "मोडीचा असा व्हिडिओ करायला काय लागतं?" लागत काहीच नव्हतं. दोन्ही बाजूला जाड ग्रंथांची चळत, वर आडवी पट्टी, पट्टीला बांधलेला माझा मोबाइल, खाली कागद. पत्र्यावर पाऊस वाजत होता, पण सरांना थांबायचं नव्हतं. त्यांनी आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढली. मोडीत रेघ आधी येते, अक्षरं मग तिला लटकतात. मग हात न उचलता एक ओळ लिहिली, सावकाश, बोलत बोलत.

ओळ संपली आणि म्हणाले, "आता लिहून बघा." पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि गप्प बसले. मला वाटलं, पुढचं विसरले. मी खुणेनं विचारलं. त्यांनी मान हलवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. रेकॉर्डिंगमध्ये नुसता कागद आणि पावसाचा आवाज. तीन मिनिटांनी त्यांनी पेन उचललं आणि दुसरी ओळ सुरू केली.

नंतर मी म्हटलं, "सर, ती मधली तीन मिनिटं कापून टाकू? पोरं पॉज करतील की."

"करणार नाहीत," सर म्हणाले. "मी केलं होतं का?"