परशूचा ड्रॉवर

आमच्या डोंबिवलीच्या घरात हल्ली स्क्रूड्रायव्हर हवा असला की "परशूत बघ" म्हणतात. औषधं माशात, बिलं आणि वॉरंटी कार्डं कासवात, चार्जर-वायरींचा गुंता कमंडलूत. हॉलमधल्या टीव्हीखालच्या युनिटला चार ड्रॉवर आहेत, त्यांची ही नावं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं. आता पाहुण्यांना त्याच हौसेने दाखवतात.

माझं माहेर सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करणारे कारागीर लहानपणापासून पाहिलेले. दशावतारी गंजिफेची पानं 120. दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत. प्रत्येक अवताराची खूण वेगळी आणि पानाची जमीनही वेगळ्या रंगाची, म्हणजे हातातली पानं लावताना घोटाळा नको. आमच्या ड्रॉवरांनाही तेवढंच हवं होतं. लेबलं चिकटवली की चार महिन्यांत कडा सुटून लोंबायला लागतात.

युनिट सनमायकाचं, चॉकलेटी, नकली लाकडाच्या रेघांचं. सनमायक्यावर रंग टिकत नाही असं जो तो सांगतो. टिकतो, पण मेहनत रंगाआधी करायची. मुठी काढल्या, भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा घालवला, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासलं, स्पिरिटच्या फडक्याने पुसलं. मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहणारं प्रायमर. साधं लाकडाचं अस्तर इथे नखाने सोलून निघतं. त्यावर छोट्या रोलरने पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. एकदाच जाड थापलं तर ओघळ येतात आणि आतून ओलं राहतं. जमिनी लाल, पिवळी, हिरवी आणि निळी घेतल्या. चित्रं ॲक्रिलिकने, बारीक कुंचल्याने. मासा आणि कासव सोपे. परशूचा दांडा मात्र सरळ येता येईना, शेवटी मास्किंग टेप लावून ओढला. वरून पाण्याचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर.

आता शोकेसबद्दल. ती सासऱ्यांनी करून घेतलेली, अस्सल सागवान. तिला बाहेरून रंग लावायला माझा साफ विरोध. इंटरनेटवर सागाच्या कपाटांना पांढरा खडूसारखा रंग फासून, मग कडा घासून मुद्दाम जुनाट करतात, ते बघवत नाही. तो चॉक पेंट 1990 साली इंग्लंडच्या ॲनी स्लोन या बाईंनी काढला. मळकट तपकिरी जुनं फर्निचर फारसं न घासता उजळायला उत्तम. पण आपल्याकडे सागाचे रेषे दिसावेत म्हणून लोकांनी पदरचे पैसे मोजलेत, ते झाकायचे कशाला? आणि जुनं दिसायला कडा घासायची काय गरज, घरात दोन मुलं असली की पुरे.

म्हणून शोकेसला बाहेरून फक्त फ्रेंच पॉलिश: स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी (लाख), मलमलीच्या बोळ्याने. रंग लावला तो आत, पाठीच्या प्लायला. मोरपंखी दिला, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने थोडा सोनेरी ओढला. पितळेचा तांब्या, समया, आजीचा पानाचा डबा आधी त्या पिवळट प्लायपुढे दिसायचेच नाहीत. आता आल्याआल्या नजर तिकडेच जाते. सगळ्या हॉलमध्ये सर्वांत कमी खर्चाचं काम हेच.

टीपॉयला मात्र चपडी नको. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि आमच्याकडे बशी वापरणारं कोणी नाही. तिथे पीयूच.

आणखी एक, पावसाळ्यात या भानगडीत पडू नये. हवा दमट असली की हाताला कोरडा लागणारा रंगही आतून कच्चा असतो. त्यावर पेपर ठेवला तर बातमी उलटी छापली जाते. कोरड्या दिवसांतसुद्धा रंग पुरता कडक व्हायला दोनेक आठवडे द्यावेत, तोवर जड वस्तू ठेवू नयेत.

उरलंय ते बेडरूममधून हॉलमध्ये आलेलं लोखंडी कपाट. त्याला ब्रश लावणार नाही, पत्र्यावर ब्रशच्या रेघा दिसतात. दसऱ्यानंतर स्प्रेवाल्याला बोलावणार आहे. रंग कोणता, यावर घरात अजून एकमत नाही. सासूबाईंना पोपटी हवाय.