फोटो बोटीचा, आकडा आमचा

दर सुट्टीत डोंबिवलीला आले की दोन दिवसांच्या आत हा प्रश्न येतोच. मामा विचारतो, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, एकदा स्टेशनवरून घरी आणणाऱ्या रिक्षावाल्यानेही विचारला: "तिकडे ब्रिटनमध्ये इलेक्शनला बाहेरच्यांविरुद्ध एवढी बोंब चालते, मग तुम्हाला हाकलणार का? आणि आपलेच ऋषी सुनक, प्रीती पटेल त्यात पुढे कसे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. तोंडी सांगताना चहा गार होतो.

हाकलत नाहीत. उलट मी तिथे मत देते, तेही भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे रीतसर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. साम्राज्य गेलं, शेपूट राहिलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा फ्रेंच सहकारी वीस वर्षं तिथे कर भरतोय, पण ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नाही म्हणून त्याला मत नाही. ४ जुलै २०२४ ला मी चर्चच्या हॉलमध्ये निळा पासपोर्ट पुढे केला, तेव्हा यादीवरच्या बाईंनी पट्टी धरून माझ्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. आत दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. बस्स.

त्याआधीचे सहा आठवडे मात्र टीव्हीवर बोटीच बोटी. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून विनापरवाना इंग्लंडकडे निघालेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या रबरी होड्या. तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांची घोषणा ‘बोटी थांबवा’, विरोधातल्या लेबर पक्षाची ‘माणसं आणणाऱ्या टोळ्या मोडा’, आणि नायजेल फराज यांचं म्हणणं की हे दोघेही काही करणार नाहीत. फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं मिळाली. जागा मिळाल्या ६५० पैकी ५, पण म्हणून ती मतं कुठे नाहीशी होत नाहीत.

आता आकडे बघा. २०२३ मध्ये या होड्यांतून आले साधारण २९ हजार लोक. त्याच वर्षी राहायला म्हणून देशात आलेले एकूण, निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या सरकारी आकड्यांप्रमाणे, बारा लाखांच्या आसपास. त्यात सगळ्यात जास्त भारतीय, अडीच लाख. विद्यार्थी, नर्सेस, आयटीवाले आणि त्यांची बायकामुलं. म्हणजे फोटो बोटीचा, आकडा आमचा. आणि सरकारला आकडा कमी करून दाखवायचा असतो. समुद्रातली होडी नियमाला भीक घालत नाही, व्हिसाचा अर्ज घालतो. मग कात्री कुठे लागणार?

ती निवडणुकीच्या आधीच लागली होती. कामाच्या व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा २६,२०० पौंड होती, ती एप्रिल २०२४ मध्ये एकदम ३८,७०० झाली. वहिनीचा भाऊ शेफ आहे, कोल्हापूरचा. एका रेस्टॉरंटने त्याला २८ हजारांवर बोलावलं होतं, कागदपत्रं व्हायची होती. एप्रिलनंतर मालक म्हणाला, "एवढा पगार मी मॅनेजरला देत नाही." विषय संपला. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्याचा अधिभार फेब्रुवारीत ६२४ वरून १,०३५ पौंडांवर गेला होता, मोठ्या माणसामागे, दर वर्षाचा. व्हिसा तीन वर्षांचा असेल तर तिन्ही वर्षांचे एकदम मोजायचे. या कशाचाही फोटो निघत नाही.

आमच्या गणपतीच्या आरतीला एक मिरजेची मुलगी येते, वृद्धाश्रमात काम करते. ११ मार्च २०२४ नंतर अशा व्हिसावर येणाऱ्यांना नवरा-मुलं आणायची बंदी झाली, ही त्यानंतर आली. चार वर्षांचा मुलगा आजीकडे. एका आजोबांना ती रोज सूप भरवते. प्रचाराच्या दिवसांत समोर टीव्हीवर होडी दिसली की आजोबा म्हणायचे, सगळ्यांना परत पाठवा. मग हिच्याकडे बघून हिचा हात थोपटायचे: "तू नाही गं. ते लोक." तिने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

हे सगळं आजचं नाही. माझी बस बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकवरून जाते. १९६४ मध्ये देशभर वारं लेबरच्या बाजूचं असताना इथला लेबरचा बडा नेता पडला, कारण प्रचारात ‘काळा शेजारी हवा असेल तर लेबरला मत द्या’ अशा अर्थाची, लिहिता येणार नाही अशा शब्दातली घोषणा फिरत होती. आज त्याच हाय स्ट्रीटवर भलंमोठं गुरुद्वारा आहे आणि २०२४ मध्ये तिथून एक शीख उमेदवार निवडून आला. लेबरचाच.

राहिले आपले सुनक-पटेल, एक माजी पंतप्रधान, एक माजी गृहमंत्री. डोंबिवलीकराला हे मी काय समजावणार? फलाटावर असताना "आत सरका" म्हणून ओरडणारा माणूस डब्यात शिरला की दारात उभा राहून "जागा नाही" म्हणतो. सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळचे गोव्याचे, केनियामार्गे आलेले. गृहमंत्री असताना, २०२२ मध्ये, व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत सगळ्यात जास्त भारतीय असतात असं त्याच म्हणाल्या. आमच्या ओळखीतले कितीतरी जण त्यावर खूश होते. आम्ही रांगेतून आलो, म्हणाले.

हे सगळं ऐकून मामा तिथल्या लोकांवर चिडतो. मग मी त्याला सांगते की १९७८ च्या जानेवारीत मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या, परक्या संस्कृतीच्या माणसांखाली आपला देश बुडेल अशी लोकांना भीती वाटते. पुढच्या वर्षी त्या पंतप्रधान झाल्या. आणि विचारते, "मामा, ‘लोंढे’ हा शब्द मी लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकला?"

"ते वेगळं," मामा म्हणतो.

यंदा मी काही बोलले नाही. मामानेच विषय बदलला. "मत दिलंस म्हणतेस, तर बोट दाखव." मी म्हटलं, तिथे शाई लावत नाहीत. माझं बोट उलटसुलट करून बघत तो म्हणाला, "मग काय खरं!" आणि उठून त्याने पंखा वाढवला.