ध्वनिफितींवरची टिपणं: कॅनव्हास, सेकंद आणि मॅनिफेस्ट

डिजिटल केलेल्या जुन्या मुलाखतींवर टिपणं चढवायचं काम आता मार्गी लागलंय. पाया आयआयआयएफच्या (चित्रं, ध्वनिफिती वेबवर मांडण्याच्या खुल्या मानकांच्या) प्रेझेंटेशन एपीआय ३.० चा. २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीत कॅनव्हासला, म्हणजे चित्र, आवाज आणि टिपणं ज्यावर बसवतात त्या कोऱ्या चौकटीला, कालावधी देता येऊ लागला आणि ऑडिओ-व्हिडिओवाल्यांची सोय झाली. नुसत्या आवाजाला तर उंची-रुंदी लागतच नाही.

मॅनिफेस्ट, म्हणजे मुलाखतीत काय आणि कसं दाखवायचं हे व्ह्यूअरला (दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगणाऱ्या फायली, हाताने लिहिले. शीर्षकं मराठी-इंग्रजी दोन्हीत आहेत, आणि मुलाखतीतले विषय रेंज (कॅनव्हासच्या भागांचे गट) करून अनुक्रमणिकेसारखे लावलेत.

खरा रस टिपणांत आहे. एका मुलाखतीत १२५.४ ते १३१.२ सेकंदांच्या दरम्यान बोलणाऱ्या बाई एक नाव अर्धवट सोडतात आणि मागून कुणीतरी ते पूर्ण करतं. या तुकड्याचा पत्ता साधा आहे: कॅनव्हासच्या यूआरआयपुढे (वेब-पत्त्यापुढे) हॅश, मग टी, बरोबरचं चिन्ह आणि स्वल्पविरामाने तोडलेले हे दोन आकडे. मीडिया फ्रॅगमेंट्सची ही पद्धत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१२ मध्येच प्रमाण केली. टिपणाचा साचा वेब अॅनोटेशनचा, तो २०१७ चा. मूळ फाइलला हात लागत नाही, ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली तरी चालतं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: उद्या प्लेअर बदलला तरी टिपणं माझ्याकडे शाबूत राहतात.

शब्दांकन एका अॅनोटेशन पेजमध्ये (टिपणांच्या यादीत) आणि माझे शेरे दुसऱ्यात ठेवलेत. शब्दांकनाला मोटिव्हेशन (टिपणाचा हेतू) ‘सप्लिमेंटिंग’, शेऱ्यांना ‘कमेंटिंग’. त्या सहा सेकंदांत दोघांचे आवाज एकमेकांवर येतात, तिथे दोन टिपणांच्या वेळा बिनदिक्कत एकमेकींवर चढू दिल्यात. ओळीने उतरवलेल्या मजकुरात ही गोष्ट हरवते.

सर्व्हरकडे दोनच गोष्टी बघा. व्ह्यूअर दुसऱ्या डोमेनवर असेल तर मॅनिफेस्टला कॉर्स हेडर (दुसऱ्या डोमेनला फाइल वाचू देणारी परवानगी) हवाच. आणि रेंज रिक्वेस्टला (फाइलचा फक्त एक तुकडा मागणाऱ्या विनंतीला; वरच्या विषयांच्या रेंजशी संबंध नाही) २०६, म्हणजे ‘मागितलेला तुकडा दिला’, असं उत्तर यायला हवं, नाहीतर टिपणावर क्लिक केलं तरी अजून न उतरलेल्या भागात नीट उडी मारता येत नाही.

पुढे अॅकम्पनिंग कॅनव्हास लावायचाय. आवाज चालू असताना फितीच्या डब्याचा फोटो समोर दिसेल, म्हणजे मुलाखतकाराने त्यावर लिहिलेल्या वेळा माझ्या टिपणांशी ताडून बघता येतील.